आंजनेयापुढे घेतलेलं देशाचं नाव

१४ मार्च
सेतू, वही दिलीस मार्गळी महिन्यात, आज पंगुनी लागली, तीन महिने उलटले, तेव्हा कुठे पहिलं पान. उशीर झाला, रागावू नकोस. म्हणाला होतास, "अप्पा, काळजी कागदावर उतरवा, छातीत ठेवू नका." पण हात बसेना. आठवीनंतर मी बसकंपनीच्या बुकिंगवर बसलो, तिथलं सगळं लिहिणं तमिळात. ही मराठी अक्षरं वडिलांनी घरी ओट्यावर बसवून गिरवून घेतलेली. एक बरं, आता या गल्लीत वाचणारं कोणी नाही. तुझी बहीण तुळजासुद्धा बोलते, वाचत नाही.

शेजारच्या वकिलांनी पुन्हा विचारलं, "रावजी, मुलगा नक्की करतो काय?" म्हटलं, जगातली विषारी हत्यारं मोडीत काढणारी मोठी सभा आहे, तिच्या मुख्य साहेबांना सल्ला देतो. "सल्ल्याला पगार?" भिंतीवरचा फोटो दाखवला. साहेब माइकपुढे, मागे से.चा अर्धा चेहरा. वकील म्हणाले, "पगार तरी पुरा मिळतो ना?"
तु. स्वयंपाकघरातून: "घरात अण्णाचा सल्ला कोणी घेईना, म्हणून तिकडे गेला."

१७ मार्च
रात्री झोप नाही. केबलवर कुठल्याशा देशात वायू सोडलेला दाखवत होते. रस्त्यावर माणसं निजल्यासारखी. तु.ने बंद केलं. "रक्तदाब तुमचा, गोळ्या मी आणायच्या."
मागल्या खेपेस से. साहेबांबरोबर असाच कुठेसा गेला. फोन नाही, काही नाही. मी जेवण सोडलं होतं. मेडिकलच्या इस्पितळात नेऊन सलाइन लावलं. ते सगळं तु.ने त्याला सांगितलं. सांगायला नको होतं.

१९ मार्च
से.चा फोन. पुन्हा जायचं आहे. "काही दिवस बोलणं होणार नाही, अप्पा. जेवा मात्र."
मी विचारलं कुठे. म्हणाला, ते विचारू नका. मग माझं नेहमीचं. रडू आलं. रडू कसलं, हट्टच तो. म्हटलं, बाप मेला तर कुठल्या दिशेला तोंड करून रडशील तेवढं तरी सांग.
मग आपल्या घरच्या मराठीत, हळू: "इथे ही भाषा कोणाला कळत नाही, म्हणून सांगतों. तु.लाही सांगू नका."
सांगितलं. देशाचं नाव. खताचा कारखाना म्हणतात, आत दुसरंच काहीतरी. आतल्याच एका माणसाने कळवलंय. त्या सरकारला निघायच्या दिवशीच सांगतात. आधी कळलं तर सगळं धुऊन ठेवतील.
नाव इथेही लिहीत नाही. जेवलो. पोटभर.

२१ मार्च, शनिवार
आंजनेयाला, म्हणजे आपल्या मारुतीला, वडेमाळ घातली. नावगोत्र घेऊन करतात ती अर्चना से.च्या नावे. गर्दी पुष्कळ.
पुजारी गुरुक्कळांनी नाव, नक्षत्र, गोत्र विचारलं. मग "कशासाठी?"
आमच्या घरात प्रवासाची अर्चना अर्धी करीत नाहीत. कुठे जातो, कोणत्या कामाला, कोणत्या वाहनाने, सगळं देवाच्या कानावर घालायचं. आई तसंच करायची. मी मुंबईला नोकरी शोधायला गेलो तेव्हा तिने गाडीचं नावसुद्धा सांगितलं होतं. देवाने नाहीतर शोधायचं कुठे?
सांगितलं. गुरुक्कळांचा आवाज गोपुरापर्यंत जातो. त्यांनी त्या देशाला संस्कृत प्रत्यय लावून खणखणीत संकल्प सोडला. परीक्षणार्थं, विमानमार्गेण, सगळं. ऐकताना डोळे भरून आले. देवाला सांगणं म्हणजे कोणाला सांगणं नव्हे, असंच मनात.
मागे दुरैराज उभा, बायकोसह. से.चा शाळेतला सोबती. संध्याकाळच्या तमिळ पेपरला तंजावूरच्या बातम्या पाठवतो. "रावजी, सेतू मोठा माणूस झाला हो." मी म्हटलं, तुमच्या आशीर्वादाने.
प्रसादाचे दोन वडे त्याला दिले.

२३ मार्च
पेपर आला. पहिल्या पानावर, खाली. "तंजावूरच्या सुपुत्रावर जगाची जबाबदारी." तोच फोटो. दुरैराजने काल येऊन मागून नेला होता. वाटलं, घरात लावायला हवा असेल. लिहिलंय की हे सुपुत्र साहेबांसोबत अमुक देशी विषारी वायूच्या तपासणीसाठी जात आहेत.
तासाभरात चार घरचे लोक येऊन गेले. वकिलांनी हातात हात घेतला. म्हणाले, आता चेहरा पुरा दिसेल. मी मैसूरपाक आणायला पाठवलं.
तु. शाळेतून आली. पेपर वाचला. गणिताची मास्तरीण, एकेक ओळ तपासते. "देशाचं नाव याला कोणी दिलं?"
मी मैसूरपाकाचा पुडा पुढे केला.
"अप्पा."
मग सांगावं लागलं. ती खाली बसली. पदर तोंडावर. म्हणाली, "देवाला तमिळात, मराठीत, मनात, कशातही सांगता आलं असतं. तुम्ही गुरुक्कळांच्या तोंडून सांगितलंत."
मैसूरपाक कोणी खाल्ला नाही. मुंग्या लागल्या.

२४ मार्च
चेन्नईच्या इंग्रजी पेपरनेही बातमी घेतली. तीन ओळी, आतल्या पानावर. तु.ने शाळेच्या वाचनालयात पाहिली.
से.च्या घरी फोन लावला. सूनबाई, कमला, म्हणाली, ते पहाटेच निघाले. कसं कळवायचं? तिलाही ठाऊक नाही. मी तिला काही सांगितलं नाही. काय सांगू?

दुरैराजकडे गेलो. नेसलेली वेष्टी सावरत बाहेर आला, आनंदात. "काय रावजी, बातमी चेन्नईपर्यंत गेली! मला वर्षात पहिल्यांदा शाबासकी मिळाली."
म्हटलं, ते गुपित होतं रे.
"गुपित? रावजी, लाइनीत चाळीस माणसं होती. लंगड्या फुलवाल्यालाही माहीत आहे. आणि तिकडे कोण आपला पेपर वाचतो?"
मग माझा चेहरा पाहून बसायला खुर्ची दिली. गरम कापी प्यायला दिली. बिचारा वाईट नाही. मुलगा चांगला असं लिहिलं, एवढंच त्याने केलं.

२८ मार्च
फोन नाही.
टीव्हीवर त्या देशाचा मंत्री. आमच्याकडे लपवण्यासारखं काही नाही, सगळे दरवाजे उघडे आहेत, म्हणतो. हसत होता. मला तो हसला ते मुळीच आवडलं नाही.
जेवण जात नाही. तु. म्हणते जेवा, नाहीतर मी अण्णाला सांगते. मग तिनेच फोनकडे पाहिलं.

२ एप्रिल
कमलाचा फोन. से. परत आला. सुखरूप. मी देवाला हात जोडले, आणि जोडता जोडता सोडले.
"बोलत नाहीत कोणाशी," ती म्हणाली. "कोट घालूनच बसलेत खुर्चीत."

५ एप्रिल
से. बोलला.
कारखाना धुऊन लख्ख केलेला. भिंतींना नवा रंग, हात लावला तर बोटाला लागत होता. एका खोलीत ताजं सिमेंट. तिथल्या अधिकाऱ्यांनी साहेबांना चहा दिला. एकाने कापून ठेवलेलं कात्रण दाखवलं, चेन्नईचं. म्हणाला, तुमचे सल्लागार फार प्रसिद्ध आहेत.
आणि आतला तो माणूस, ज्याने कळवलं होतं. तो कामावर नव्हता. घरी नव्हता. घराला कुलूप. शेजारी म्हणाले, असा कोणी इथे राहतच नव्हता.
मग से.ने एवढंच विचारलं, "अप्पा, कोणाला सांगितलंत?"
"आंजनेयाला."
मग म्हणाला, "मोठ्याने?"
हो म्हटलं.
रागावला असता तर बरं झालं असतं. म्हणाला, "गोळ्या घेतां ना वेळेवर?"

९ एप्रिल
से.च्या कचेरीत चौकशी बसली आहे. ज्यांना आधी माहीत होतं त्या सगळ्यांची. कात्रणात से.चं नाव, तेव्हा त्याच्याकडे जास्त. कदाचित मलाही फोन करतील.
मी से.ला फोनवर म्हटलं, सांगतों मी. माझी चूक, पोराचा काय दोष.
"तुम्हाला कोणी सांगितलं, असंच विचारतील अप्पा. तेवढंच त्यांना हवंय."
हे डोक्यातच आलं नव्हतं. माझा कबुलीजबाब म्हणजे त्याच्याच गळ्याला फास.
"मग काय सांगू? तू सांग. सल्ला दे."
"सल्ला मी साहेबांना देतों. तुम्हाला देऊ शकत नाही, अप्पा. दिला तर तोही विचारतील."
"तू काय सांगणार आहेस?"
कमलाने फोन घेतला आणि हवापाण्याचं विचारलं. ऊन फार आहे म्हटलं.

१० एप्रिल
तु.चं ठरलेलं आहे. "नाही म्हणायचं. एक शब्द. पेपरवाल्याने अंदाजाने लिहिलं."
दुरैराज स्वतः आला होता. तिनेच बोलावलं असणार. म्हणाला, "मी लिहून देतो रावजी, तर्काने लिहिलं म्हणून. आमच्यात कोण खरं लिहितो? नोकरी गेली तर दुसरा पेपर." डोळ्यांत पाणी होतं त्याच्या. शाळेत से.च्या डब्यातलं खायचा.
मी म्हटलं, त्या कारखान्यातल्या माणसाचं काय?
तु. भडकली. "तो तुमच्या हो म्हणण्याने परत येणार आहे का? इथे अण्णाचं आयुष्य वाया चाललंय."
बरोबर आहे तिचं. दिवसभर तिचंच बरोबर वाटलं.

१४ एप्रिल
तमिळ वर्षाचा पहिला दिवस. कडुनिंबाच्या फुलांची पचडी केली तु.ने. मला नुसती कडू लागली, गूळ कुठे गेला कळलं नाही. देवळात गेलो नाही. गुरुक्कळ रस्त्यात भेटले, "काय राव, मुलगा सुखरूप आला ना? बघा, संकल्प फळला!"
दक्षिणा दिली.

त्या माणसाला बाप असेल का? असेल तर तोही फोनजवळ बसला असेल. त्याला तर कोणी परत आला म्हणून कळवणार नाही. हे कोणाला बोलून दाखवलं नाही. तु. म्हणेल, काळजीला हा नवा पाहुणा कुठून आणलात.

१७ एप्रिल
फोन आला. दुपारी. एक बाई इंग्रजीत, मग दुसरी तमिळात, सिलोनकडची वाटली. गोड बोलते. आदराने अय्या म्हणाली.
नाव विचारलं. वय. से.चा मी कोण. मग: तुमच्या मुलाने निघण्यापूर्वी देशाचं नाव तुम्हाला सांगितलं होतं का?
तु. समोर उभी. मान हलवते, नाही, नाही. ओठांनी नाही.
मी ठरवलेलं होतं. नाहीच म्हणायचं. तोंडही तसंच उघडलं. आणि म्हणालो, "हो. मी रडून मागितलं म्हणून सांगितलं. त्याची इच्छा नव्हती."
का म्हणालो, अजून कळत नाही. त्या बाईने अय्या म्हटलं म्हणून असेल. तो माणूस डोक्यात होता म्हणून असेल. धीर म्हणून नाही. माझ्यात धीर नाही, सगळ्यांना माहीत आहे.
बाईने ते इंग्रजीत सांगितलं. माझी तीन वाक्यं, तिला फार वेळ लागला.
मी विचारलं, तो कारखान्यातला माणूस सापडला का?
"अय्या, प्रश्न आम्ही विचारायचे असतात."
मग आभार मानले. म्हणाली, तुमच्या मुलालाही हाच प्रश्न काल विचारला.
"काय म्हणाला तो?"
"ते सांगता येत नाही, अय्या. तब्येत सांभाळा."

तु.ने फोन माझ्या हातातून घेऊन ठेवला. "अण्णाने नाही म्हटलं असेल तर तुम्ही आज त्याला खोटा ठरवलंत. चूक माफ होते अप्पा. तिथे खोटं माफ होत नाही." आत गेली. भात करपला.

१८ एप्रिल
से.च्या घरी फोन वाजतो, कोणी घेत नाही. तीनदा. तु. म्हणते पुरे, बिल. मग तिनेच लावला.
लहानपणी से. खोटं बोलायचा नाही. पण मला सलाइन लावलं तेव्हा तो फोनवर तु.ला म्हणाला होता, अप्पांना सांग मी सुट्टीवर होतो. म्हणजे माझ्यासाठी बोलतो. माझ्यासाठी काहीही बोलेल. हीच भीती.

१९ एप्रिल
दुरैराजने त्याचा कागद लिहून पाठवला म्हणे. कालच, तु.च्या सांगण्यावरून. तर्काने लिहिलं, म्हणून. आता तिथे माझं हो, त्याचं नाही, आणि मध्ये से. 
तु. आज माझ्याशी बोलली. "औषध घ्या." एवढंच.

२१ एप्रिल
अजून काही नाही. वकील विचारत होते, सेतू यंदा सुट्टीला येणार का. म्हटलं, काम फार आहे.
फोनची तार ओढून पाहिली, नीट आहे. आवाज येतो आत.
सेतू, नोकरी राहिली की गेली ते मी विचारत नाही. गेली असेल तर घरी ये, तुझी खोली झाडून ठेवली आहे. राहिली असेल तर देव तुझं भलं करो, मला पुन्हा कधी काही सांगू नकोस. पण त्या दिवशी त्यांनी विचारलं तेव्हा तू काय म्हणालास, हो की नाही, तेवढं एक कळव. कमलाकडून कळव, कशानेही कळव. आज कळव.