दुसरा रिमोट

ता. ४ मार्च

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

दार मोडल्याबद्दल आधी माफी मागतो. मग रागावतो.

शनिवारी दुपारभर मी फोन करत होतो, तू उचलला नाहीस. शेजारच्या इस्त्रीवाल्या काकांना पाठवलं. त्यांनी दार बडवलं आणि आतून धडामधुडूम आवाज येताहेत असं मला कळवलं. साठी उलटलेली बाई, घरात एकटी, आणि आत धडामधुडूम. मी काय समजायचं? अग्निशमन दलाला फोन लावला. त्यांनी दार तोडलं, माणसं बुटांसकट आत शिरली, आणि तू मान न वळवता त्यांना जरा थांबायला सांगितलंस. ते थांबले, हे विशेष.

आत्या, तो व्हिडिओ गेम मला चौथीत मिळाला होता. मी त्यातून बाहेर पडलो, नोकरीला लागलो, लग्न केलं, आता मला कंबरदुखीही आहे. तू अजून तिथेच.

मी लिफ्ट तपासतो. लिफ्टमध्ये माणूस अडकला तर निदान लाल बटण असतं. तुझ्या घरात तेही नाही. म्हणून आमचं दोघांचं ठरलंय, तू आता आमच्याकडे राहायला यायचं. मागची खोली रिकामी केली आहे. हवं ते सामान आण, तो गेम मात्र नको. आमचा टीव्ही भिंतीवरचा, पातळ. त्याला तुझ्या वायरींची भोकंच नाहीत.

सूनबाईचा आणि तुझ्या नातीचा नमस्कार. लोभ आहेच, दाराचं मनावर न घेता तो वाढवावा.

तुझा भाचा,
भोवरा


ता. ९ मार्च

चि. भोवऱ्यास,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. दार तूच मोडलंस, रागावलासही तूच. मला करण्यासारखं काही ठेवलं नाहीस.

फोन उचलला नाही, कारण हा खेळ मध्येच साठवून ठेवता येत नाही. हल्लीच्या खेळांत म्हणे माणूस मेला तरी तिथूनच पुढे चालू करतात. आमच्यात मेलेला माणूस मेलेला असतो. थांबवायचं बटण होतं, ते तू सहावीत असताना रागाच्या भरात दाताने उपटलंस.

मी जन्मभर हॉस्पिटलात एक्स-रे काढले. लोकांना श्वास रोखा म्हणायचं, मग सोडा म्हणायचं. निवृत्त झाले आणि माझ्या सांगण्यावरून कुणी काही रोखेना की सोडेना. तेव्हा माळ्यावरून तुझा गेम पुसायला म्हणून खाली काढला. अजून पुसतेच आहे. तुमच्याकडे मी येणार नाही. सूनबाईवर माझा राग नाही, टीव्हीवर आहे.

दार झालं. त्या दिवशीच्या लोकांपैकी बंब चालवणारे गृहस्थ सुट्टीच्या दिवशी रंधा-पटाशी घेऊन आले आणि चौकट सरळ करून गेले. त्यांच्याच हातून मोडली म्हणून त्यांना चैन पडेना. निघताना त्यांनी टीव्हीजवळची गेमची कॅसेट उचलली, मला न विचारता तिच्यात फुंकर मारली आणि होती तशी ठेवली. फुंकर कुठे मारायची हे ज्याला ठाऊक आहे, त्याला चहा न देता कसं पाठवायचं? चहा पिताना त्यांनी विचारलं, दुसरा रिमोट चालतो का. चालतो, म्हटलं.

घरच्यांना आशीर्वाद. लोभ करत राहा, फक्त दुपारी नको.

तुझी,
आत्या


ता. २ एप्रिल

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

इस्त्रीवाल्या काकांचा फोन आला होता. बंबवाले दर रविवारी येतात, असं कळलं. गेल्या मंगळवारी तर म्हणे आख्खा बंब तुझ्या दारात उभा होता. समोरच्यांनी गॅस बंद केले, वरच्या मजल्यावरचे आजोबा गादी घेऊन खाली आले. चौकशी केली तेव्हा बंबवाल्यांनी सांगितलं, बाईंची वायर द्यायची राहिली होती.

मी तुझ्या जवळचा माणूस म्हणून विचारतो. या गृहस्थांचं वय काय? घरी कोण आहे? स्वभाव कसा? त्यांना दुसरा काही उद्योग नाही का? हे सगळं बायकोला वाचून दाखवलं तर ती हसत सुटली. मला तरी हसण्यासारखं काही दिसलं नाही.

आणि एक. दुसरा रिमोट माझा आहे. आई-बाबा बदलीच्या गावी होते, ती वर्षं मी तुझ्याकडे काढली. शाळेतून आलो की दप्तर टाकून तोच हातात घ्यायचो. तो असा कुणाच्याही हातात द्यायचा, तर निदान मला विचारायचं होतंस.

लोभ असावा, शक्य तर पूर्वीइतका.

भोवरा


ता. २१ एप्रिल

चि. भोवऱ्यास,
अ. उ. आ.

ते माझ्याहून वर्षभराने लहान आहेत. बायको जाऊन बराच काळ झाला, मुलंबाळं नाहीत. स्वभाव शांत. घोरतात. हे मला कसं ठाऊक, ते तू विचारण्याआधी सांगते.

आपला जुना टीव्ही मागच्या आठवड्यात गेला. फट् असा आवाज झाला, मधोमध एक ठिपका राहिला, मग तोही गेला. मी रडले, हे कुणाला सांगू नकोस. ते ऐकून त्यांनी स्वतःच्या घरचा पोकवाला टीव्ही एकट्याने जिने चढवून आणला, टेबलावर ठेवला आणि तसेच वाकलेले राहिले. कमरेत उसण. डॉक्टर घरी येऊन बघून गेले आणि यांना हलवायचं नाही म्हणाले. तेव्हा ते माझ्या दिवाणावर आहेत. टीव्ही त्यांना दिसेल असा फिरवून घेतला आहे. लोक बोलतात. आम्ही आवाज वाढवतो.

रिमोट तुझाच आहे. तुला हवा असेल तर येऊन घेऊन जा.

आत्याचा आशीर्वाद आहेच, तो मागावा लागत नाही.


ता. ६ मे

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

सुखरूप पोचलो. रिमोट आणला नाही, हे तू पाहिलंसच. घ्यायलाच आलो होतो. पिशवीही आणली होती.

पण कमरेला पट्टा बांधून बसलेला तो माणूस पहिल्याच खड्ड्यात पडला. पुन्हा पडला. मी होतो तेवढा वेळ तो त्याच खड्ड्यात पडत होता आणि दर वेळी हसत होता. आत्या, इतकं वाईट खेळणारा माणूस मी पाहिला नाही. आणि तू खड्ड्याच्या काठावर उभी राहून त्याची वाट बघत होतीस.

माझ्यासाठी तू कधी थांबली नाहीस. तू पुढे पळायचीस, पुढे सरकणारा पडदा मला मागून ढकलायचा आणि तू ओरडायचीस, पळ! तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. कालपासून हेच डोक्यात आहे. या वयात असलं काही विचारायचं नसतं हे कळतं, तरी विचारतो. माझ्यासाठी का नाही थांबलीस?

निघताना ते जिन्यापर्यंत आले. कठड्याला धरून म्हणाले, तुमच्या आत्याला मागणी घालायची आहे, तुमची हरकत नसावी. विचार करून सांगतो, असं मी मोठ्या माणसासारखं म्हटलं. मग खालच्या मजल्यावरूनच ओरडून हो म्हटलं.

तुझा,
भोवरा


ता. १० मे

चि. भोवऱ्यास,
अ. उ. आ.

तू माझ्याकडे राहायला आलास तेव्हा दिवसभर खिडकीत बसायचास. आई कुठल्या बाजूने येईल म्हणून रस्त्याच्या दोन्ही टोकांकडे बघायचास. ताट समोर तसंच राहायचं. मला मुलांतलं काही कळत नव्हतं, हाडांतलं कळायचं. मग तो गेम आला. पहिल्या दिवशी मी तुझ्यासाठी थांबले होते. थांबले की तू रिमोट खाली ठेवून पुन्हा खिडकीकडे जायचास. एकदा चुकून पुढे गेले, तर तू तोंड वाकडं करून माझ्यामागे पळत आलास. त्या रात्री तू दोनदा वाढून घेतलंस. मग काय, मी पळतच राहिले. तू पुढे निघून जाईपर्यंत.

यांना कुठे जायचं नाही, मलाही नाही. म्हणून आता थांबलं तरी चालतं.

मागणीला मी हो म्हटलं आहे. नोटीस दिली आहे, महिना झाला की पहिल्या शुक्रवारी नोंदणी कचेरीत सही करायची. साक्षीदार म्हणून तू हवास. सूनबाईला आणि नातीला घेऊन ये. उशीर झाला तरी ये, आम्ही बाकावर बसलेले असू.

दोघांचा आशीर्वाद. लोभ आता दोघांवर करावा लागेल, त्याची तयारी ठेव.

तुझी,
आत्या