फोटोतली पाठ

डोंबिवली (प.)
दि. ११ जानेवारी २०२५

तीर्थस्वरूप मंदाकिनी वन्संना मालनचा शि. सा. न. वि. वि.

आम्ही सगळे बरे. तुमचे भाऊ शिफ्टवरून येऊन झोपलेत. फोन न करता लिहितेय, कारण माझा फोन विनीत चाळत बसतो आणि ही गोष्ट माझ्या लेकाला कळता कामा नये.

आमची प्राची सासरी गेल्यापासून तिची सायकल जिन्याखाली पडून होती. ती मी काढली. रोज सकाळी रेतीबंदरला जाते, खाडीवरच्या नव्या पुलावर चढते. चढताना जीव जातो, पण उतरताना पाय उचलून सोडून देते बघा, पोटात गुदगुल्या होतात. एक पाववाला रोज शर्यत लावतो, हरला की उगाच घंटी वाजवतो. मोठागावची मासळीवाली विचारते, काय गो बाय, शालेत चाललीस का? मी म्हणते, हो, तुझ्याच वर्गात.

येताना पूजेला फुलं घेते. लोकांच्या कंपाउंडातली. फिरायला जाणारे सगळेच घेतात, त्यांना काठी लागते. मी सायकल भिंतीला टेकवून पेडलवर उभी राहते. मंगळवारी एका बंगल्याची जास्वंद काढत होते. गॅलरीत एक बाई मोबाईल धरून उभी. मला वाटलं गुड मॉर्निंगला पाठवायला सूर्याचा फोटो काढतेय. मध्ये नको यायला म्हणून मी मुद्दाम वाकले. ती मेली माझाच काढत होती! एरियाच्या ग्रुपवर टाकलाय, ही फुलचोर कोण म्हणून. पाठ, ओढणी, टोपली, सायकलचं अर्धं चाक सगळं आलंय, तोंड तेवढं नाही.

विनीतने आधीच बजावलंय, एक तक्रार आली की सायकल भंगारात. तो नुसता बोलून थांबणारा नाही. जेवताना त्याने मला फोटो दाखवला. मी म्हटलं, किती जाडी बाई आहे. आता काय करू?

लोभ आहेच, तो पातळ होऊ देऊ नका.
तुमची मालन

खोपट, ठाणे
दि. १६ जानेवारी २०२५

चि. सौ. मालन हिला अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून इतकी हसले की कवळी सावरावी लागली. तो फोटो विनीतने मलाही पाठवला. आत्या, ही पाठ ओळखीची वाटते का, असं विचारलंय. मी कळवलं, छे, आमची मालन हिच्याहून बारीक आहे. या वयात तुझ्यासाठी एवढं मोठं खोटं बोलले. पण तो काही वेडा नाही, सायकल ओळखेलच. तो त्या बाईंकडे पोचायच्या आत तू जा आणि माफी माग. माफी मागताना भांडू नकोस, तुझी सवय ठाऊक आहे मला. आणि फुलं विकत घ्यायला काय होतं गं तुला?

माया आटत नाही, तू पडू नकोस म्हणजे झालं.
तुझी मंदाकिनी

डोंबिवली (प.)
दि. २५ जानेवारी २०२५

तीर्थस्वरूप वन्संना मालनचा शि. सा. न. वि. वि.

विकतची फुलं देवाला चालतात, मला नाही चालत. असो. गेले मी. बाईंचं नाव सरोज, मास्तरीण होत्या. मी म्हटलं, चुकले, पण तुमचं झाड भिंतीबाहेर आलं त्याला मी काय करू? (हे भांडण नव्हे.) त्या म्हणाल्या, फुलांचं राहू दे. पूल झाल्यापासून गॅलरीतून नुसता बघतेय. गुडघे चालू देत नाहीत, मुलगा गाडीने नेतो तर काचा लावून. मला मागे बसव, ग्रुपवरचा फोटो काढून टाकते.

आज बसवली. चढ मी ढकलत चढवला, त्या वर बसून नीट ढकल म्हणून शिकवत होत्या. उतारावर अशा किंचाळल्या की सेल्फीवाले बाजूला झाले. खाली पोचून बघते तर त्यांच्या डोळ्यांना पाणी. मी घाबरले. तर म्हणाल्या, परत वर चल.

आलो तर त्यांच्या फाटकाशी विनीत उभा! माफी मागायला आलेला. आई, बास झालं, आज ही सायकल जाणार, म्हणाला. सरोजबाई कॅरियरवरून उतरेचनात. म्हणाल्या, तक्रार माझी होती, ती मी मागे घेतली. तरी भंगारात न्यायची तर मला घेऊन ने, आणि रस्ता पुलावरून घे.

पोरगा माझ्याकडे बघतोय, मी तारेवरच्या कावळ्यांकडे. शेवटी गेला त्यांना घेऊन पुलाकडे. घरी आला तो घामाने निथळत. ब्रेक ढिले आहेत म्हणाला, आणि संध्याकाळी घट्ट करून आणले.

तुम्ही कधी येताय? कॅरियरवर मात्र आधी सरोजबाई.

आहे तो जीव असाच लावा.
तुमची मालन