म्हातारीने कसारा घाट चढल्याची हकीकत

मानपाडा, डोंबिवली पूर्व
बुधवार, जेवणानंतर

जावईबापू जयेशराव यांना सासरे दामाजी यांचा नमस्कार आणि आशीर्वाद (जावई म्हणून नमस्कार, वयाने लहान म्हणून आशीर्वाद, सध्या तुम्हाला दोन्हींची गरज आहे).

इकडे आम्ही खुशाल आहोत. माझी साखर तिच्या मर्जीने वरखाली करते, तुमच्या सासूबाईंचे गुडघे जिना दिसला की कुरकुरतात, आणि आपल्या सहा ट्रकांची प्रकृती माझ्यापेक्षा तुम्हालाच ठाऊक, कारण वागळे इस्टेटच्या गार ऑफिसात बसून तुम्ही त्यांची नाडी बघता. तुमचं कसं चाललंय ते कळवा. डबा कुठून येतो तेही कळवा, सासूबाई रोज विचारतात. तुमची बायको, म्हणजे आमची दक्षता, विचारत नाही, पण सासूबाईंनी विषय काढला की हातातलं काम थांबवून ऐकते. हे सगळं फोनवर बोललो असतो, पण माझा फोन हल्ली दक्षताच्याच टेबलावर चार्जिंगला असतो, म्हणून कागद घेतला. पत्र भगवान ड्रायव्हर आणून देईल.

मुद्दा एकच आहे, तो आधीच सांगून टाकतो. रविवारी या आणि आमच्या मुलीला घेऊन जा. लेक चार दिवस माहेरी आली की घर भरतं. पण होळीला आलेली लेक आंबे संपत आले तरी हलत नाही म्हटल्यावर आळीतल्या बायका आमच्या दारावरून फार सावकाश चालायला लागतात. तुम्ही म्हणता, ती गेली, तिने यावं. ती म्हणते, बोलला तो, त्याने यावं. आणि मधल्या मध्ये माझं डोकं फिरायची वेळ आली आहे.

हे कशावरून झालं ते तुम्हाला माहीत आहे, पण अर्धंच. दुसरं अर्धं माझ्याकडे आहे. लग्नानंतरच्या पहिल्या दसऱ्याला तुम्ही हौसेने माझ्या सगळ्या गाड्यांना स्टेअरिंगखाली त्या काळ्या डब्या बसवल्यात. इंजिन किती तापलं, तेलाचा दाब किती, बॅटरीत जीव किती, गाडी आत्ता कुठे आहे, सगळं डबी ऑफिसला कळवते, म्हणजे गाडी बंद पडायच्या आधीच कळतं की ती पडणार आहे, असं तुम्ही बासुंदी खाता खाता समजावलंत. मी मान डोलावली. (आमच्या धंद्याची रीत तुम्हाला कोणी सांगितली नव्हती. गाडी बंद पडली की बिघडली म्हणायची, तोवर ती चांगली. माणसांच्या बाबतीतही आम्ही हेच करतो.)

डबीने पहिली पकडली म्हातारी. म्हातारी म्हणजे आपली सगळ्यात जुनी गाडी. माझ्या मिशा काळ्या होत्या तेव्हापासून तिच्यावर भगवान आहे. इंजिन तापतंय, गाडी उभी करा, असे तुमच्या ऑफिसचे निरोप यायला लागले. गाडी उभी म्हणजे भगवानचा भत्ता बंद. मग त्याने काय करावं? आमच्या आळीतल्या एकाने विम्याच्या तपासणीला धाकट्या भावाची लघवी नेऊन दिली होती आणि डॉक्टरने त्याची पाठ थोपटली होती. भगवानने तोच धडा गिरवला. म्हातारीची डबी काढून नव्या गाडीला लावली आणि नव्या गाडीची म्हातारीला. या नव्या गाडीला ड्रायव्हर लोक नवरी म्हणतात. नवरीचा ड्रायव्हर याला कसा तयार झाला ते विचारू नका, त्यात एक कोंबडी आहे.

झालं! म्हातारी कागदोपत्री तरुण झाली आणि नवरीला रोज ताप. तुमचं ऑफिस नवरीला गॅरेजला धाडतंय, सुमित मिस्त्री उघडून बघतोय, काही सापडत नाही म्हणून चांगला रेडिएटर धुऊन परत बसवतोय. आणि तिकडे तुम्ही, जावईबापू, मीटिंगमध्ये साहेबांना पडद्यावर दाखवताय, की वेळेवर काळजी घेतली तर इतकी जुनी गाडीसुद्धा माल भरून कसारा घाट न तापता चढते! साहेबांनी टाळ्या वाजवल्या म्हणे. तुम्ही पेढे घेऊन घरी गेलात. दक्षता म्हणाली, म्हातारी आणि कसारा घाट? ती तर कल्याणच्या पत्री पुलावरच दम खाते. शाळेत असल्यापासून मी तिच्या केबिनमध्ये बसलेय, तुमच्या आकड्यांत काहीतरी गडबड आहे. त्यावर तुम्ही हसलात आणि म्हणालात, "तुला काय कळतं गं इंजिनातलं?"

(पेढा तिने पुरता खाल्ला, हे तिने मला मुद्दाम सांगितलं. मग बॅग भरली.)

ती आली ती थेट यार्डात. डोळ्यांसमोर म्हातारी केबिन पुढे वाकवून वाफा सोडत उभी, आणि हातातल्या माझ्या मोबाईलवर तीच म्हातारी इगतपुरी ओलांडून नाशिककडे सुसाट. दक्षताने भगवानकडे बघितलं. भगवानने आकाशाकडे बघितलं. मी चहा सांगायला गेलो. तिने तुम्हाला लगेच फोन केला, तेव्हा मला वाटलं, मिटलं. पण तुम्ही म्हणालात, ड्रायव्हरने फसवलं. खरंच आहे, फसवलं. पण तिला ते ऐकायचं नव्हतं, जयेशराव, हे माझ्यासारख्या सातवी नापासाला कळलं.

तेव्हापासून तिने यार्डात टेबल टाकलंय. डब्या आपापल्या जागी गेल्या, म्हातारीला नवा रेडिएटर बसला. मग एका गाडीची बॅटरी उभ्या उभ्या उतरते असं तिला दिसलं. बॅटरी उतरली हे डबी सांगते, का उतरली ते सांगत नाही. दक्षताने एवढंच विचारलं, आळीत हळद कोणाकडे आहे? बॅटरी मांडवात सापडली. तिच्यावर दिव्यांच्या माळा लावून आमचा पुतण्या दिपेश नाचत होता.

इथवर मला मजा वाटत होती. मग तिने मला बोलावलं. नवरी रोज दुपारी यार्डात उभी असते, इंजिन मात्र चालू आणि डिझेल जळतंय, बाबा, हे काय? आता नवरीच्या केबिनला एसी आहे आणि आपल्या घराला नाही, यात माझा काय दोष? जेवण झाल्यावर जरा पडतो मी बिचारा तिथे. ड्रायव्हर लोकांनी तोंडं फिरवली, पण खांदे हलत होते. तुमच्या सासूबाई वर म्हणाल्या, "पोरीला बोलू नका. मना इतकी वर्सं दिसत व्हतं, पन मना कोन इचारतंय!"

तेव्हा कृपा करा, रविवारी या. सासूबाई खास तुमच्यासाठी कोळणीला जिताडा सांगणार आहेत. यार्डात या, आणि चारचौघांत म्हणा की तुला कळलं, मला नाही कळलं. जीभ झिजणार नाही. ती इथे दिवसभर हसते, ड्रायव्हरांना दमात घेते, पण संध्याकाळी यार्डाला कुलूप लावलं की फोन उघडून बघते आणि परत पालथा ठेवते. मला ते बघवत नाही. तिला घेऊन जा आणि माझी दुपार मला परत द्या.

आपला, झोपेवाचून हैराण,
दामाजी

ता.क. : पत्र सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "आनि पोरगी गेल्यावर गाड्या तुमी बगनार? झोपून?" विचार केला तर होळीपासून आपली एकही गाडी रस्त्यात बंद पडलेली नाही. मुंब्रा बायपासला दोरखंड घेऊन जाणं मी विसरूनच गेलो होतो. तर रविवारी या, म्हणायचं ते म्हणा, जिताडा खा, पण तिला नेऊ नका. तुम्हीच इकडे राहायला या. वरची खोली रिकामीच आहे. घरजावई हा शब्द आम्ही वापरणार नाही. आळी वापरेल, पण आळीचं काय मनावर घ्यायचं!

आणखी ता.क. : वरच्या खोलीला एसी बसवायचं ठरवलं आहे. खास तुमच्यासाठी. (दुपारी तुम्ही ऑफिसात असालच.)

जयेश, बाबांनी पाकीट चिकटवलं नव्हतं, म्हणून मी वाचलं. त्यांचं काहीएक ऐकू नकोस. वरची खोली नको, रविवार नको आणि चारचौघांत तर मुळीच नको. जे म्हणायचंय ते मला एकटीला म्हण. आज संध्याकाळपासून मी कोपरीच्या आपल्या घरी, आणि सकाळी मानपाड्याला यार्डात. गाड्या मीच बघणार, हे ठरलंय. भगवानकाका पत्र घेऊन वर येतायत आणि मी खाली तुझ्या ऑफिसच्या गेटसमोर म्हातारीच्या केबिनमध्ये बसलेय. वॉचमन गाडी काढा म्हणून ओरडतोय आणि मला ही गाडी चालवता येत नाही. पटकन खाली ये.
– दक्षता