लंबकाची पिन

१२ फेब्रुवारी

दादा,

इतकी वर्षं पत्र नाही, माफ कर. हेही पाठवीन असं नाही.

जुन्या घड्याळांच्या आमच्या ऑनलाइन मंचावर काल एक नवखा आला. ना नमस्कार, ना ओळख, थेट भिंतीवरच्या घड्याळाचा फोटो आणि "सारखं बंद पडतंय, काय करू?" जुनी मंडळी तुटून पडली. "अहो पाहुणे, आधी दार तरी वाजवा!" एकाने सल्ला दिला, "लंबकाला केसांची पिन कुणी लावली? फेका आधी." त्यावर नवखा म्हणाला, "बरं, फेकतो."

पिन आईची आहे. बाबांनी वाकवून लावलेली. म्हणजे हा तू आहेस, नाहीतर तू घरातून नेलेलं आपलं घड्याळ विकलंस. दुसरीच शक्यता मला आधी खरी वाटली. तू असतास, तर इतक्या सहज "फेकतो" म्हणाला असतास?

घड्याळ कुठून आणलं, हे नवख्याला विचारायचं नाही, असा आमचा नियम आहे. लोक चोर पकडल्यासारखी उलटतपासणी घ्यायचे, म्हणून मीच भांडून तो करवून घेतला. आता माझंच तोंड बंद. शिवाय विचारलं आणि तो तूच निघालास, तर पुन्हा गायब होशील.

तुझी,
धाकटी

उद्या उठल्याबरोबर: नवख्याला लिहायचं, पिन राहू द्या.