चाल कुणाची

रविवार, १२ जानेवारी १९७५

संपतचं बोलणं जिव्हारी लागलंय. अजून डोकं तापलेलं आहे!

आमच्या गावी, वडगाव रासाईला, भावानं नवीन खोली बांधली म्हणून आमच्या गायन पार्टीचा कार्यक्रम ठेवला होता. दौंडहून सगळे आलो — हौशीराम गायला, बन्सी पेटीला, ढोलकी, बँजो, कोरस. गाणी सगळी माझी. आमच्यात गाणं सुरू करायच्या आधी गायक उभा राहून सांगतो, चाल अमुक पिच्चरची. मग लोकही खूश, बँजोवालाही तयार. हौशीरामचं हे सांगणं तर गाण्याइतकंच रुबाबदार. हात वर करतो, घसा खाकरतो, थांबतो — आणि मग पिच्चरचं नाव!

पाटलांचा संपत कडेला उभा राहून ऐकत होता. शाळेत एका वर्गात होतो आम्ही. आता सोसायटीत संचालक आहे. नंतर चहाच्या टपरीवर भेटला. "गाणी झ्याक हायेत मच्छिंदर," म्हणाला. बरं वाटलं. मग म्हणाला, "पर चाल पिच्चरची, ठेका पिच्चरचा. तुमचं सवताचं काय हाय रं त्यात?"

शब्द माझे आहेत, म्हणालो. तर हसला. "सबूद व्हय! सबूद काय, कुणीबी जुळवतंय."

चहा त्यानं पाजला. तो पिऊन परत आलो, याचाच जास्त राग आहे.

रविवार, २६ जानेवारी

आज रेल्वे मैदानात कार्यक्रम. पुण्याच्या एका रेकॉर्ड कंपनीचा माणूस आला होता. इन केलेला शर्ट, हातात घड्याळ, बोलणं एकदम स्वच्छ. हौशीरामचा आवाज आवडला. माझे शब्दही आवडले — तोंडावर म्हणाला! पण सिनेमाच्या चाली रेकॉर्डवर घेता येत नाहीत, भानगडी होतात. "स्वतःच्या चालीचं एक गाणं घेऊन या. मार्चमध्ये रेकॉर्डिंग करू."

स्वतःची चाल. संपत काय आणि हा काय, दोघांना एकच पाहिजे.

घरी येऊन बायकोला, अंजनाला सांगितलं. ती म्हणाली, "मग करा की. एवढी गाणी केली, एक चाल न्हाई व्हायची व्हय?"

रविवार, २ फेब्रुवारी

नाही होत.

सकाळपासून बन्सीकडे बसलो होतो. मी गुणगुणायचं, त्यानं पेटीवर धरायचं. पहिली चाल धरली, बन्सी म्हणाला ही डाकूच्या पिच्चरमधली, नदीकाठची. दुसरी — ही नुकतीच टॉकीजला येऊन गेली, आपण दोघं गेलो होतो! तिसरी माझी मलाच इतकी आवडली की डोळे मिटले. उघडले तर बन्सी हसत होता. ते रेडिओवरच्या साबणाच्या जाहिरातीचं होतं.

डोक्यात एवढी गाणी भरून ठेवलीत की माझं काही असलंच तर खाली दबून मेलं असेल.

बुधवार, ५ फेब्रुवारी

आज एक चाल सुचली. बन्सीला ऐकवायला गेलोच नाही. मलाच आठवलं कुठल्या पिच्चरची ते.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

आज कामावर, रेल्वेच्या इंजिन शेडमागच्या लाइनीवर, रूळ दुरुस्त करणाऱ्या गँगचं काम चालू होतं. आमचं इंजिन बाहेर उभं, मी खाली पाना लावून बसलो होतो. गँगवाले पहारी लावून रूळ सरकवत होते. म्हाळूमामा मुकादम आरोळी देतो आणि बाकीचे "हेऽ" म्हणून जोर लावतात. रोजचं आहे. पण आज कान तिकडेच राहिले.

"उचल गड्या रंऽ — हेऽ! सरकव थोडीऽ — हेऽ!"

'थोडी'वर मामाचा आवाज खाली येतो, आणि ती खाली आलेली जागा मला सोडेना. दुपारभर तेच. नटाला पाना लावला की तेच. साहेबांनी विचारलं, काय गुणगुणतोयस? कामाचं बघ!

यात पिच्चर नाही. एवढं नक्की.

शनिवार, २२ फेब्रुवारी

झालं! झालं गाणं!

शब्द आईवरचे आहेत. म्हातारी आमची प्रौढांच्या वर्गाला जायला तयार नव्हती, तिला मी हात धरून नेलं होतं, ते.

चल गं माये, पाटी घे,
नाव तुझं तू गिरवून घे.

'पाटी घे'ला मामाची आरोळी जशीच्या तशी. पुढे 'गिरवून'वर मात्र मी खाली न येता वर गेलो. का गेलो माहीत नाही. म्हातारी पहिल्यांदा अक्षर काढताना श्वास धरून बसायची, ते डोळ्यांपुढे होतं. वर गेल्यावर तिथे जरा थांबायचं आणि मग सावकाश उतरायचं. कडव्यांची चाल त्या उतरण्यातून आपोआप निघाली.

बन्सीनं दोनदा वाजवलं. मी त्याच्या तोंडाकडे बघत बसलो, आता पिच्चरचं नाव येतंय म्हणून. आलं नाही. "कुठली न्हाई ही," म्हणाला. मग थोड्या वेळानं, "मुखडा गँगचा हाय पण." म्हणजे त्यानं ओळखलंच.

अंजना भाकरी थापता थापता ऐकत होती. तव्यावरची करपली. ती कधी करपवत नाही!

रविवार, २३ फेब्रुवारी

मनाला लागून राहिलं म्हणून म्हाळूमामांच्या घरी गेलो. सांगितलं, मामा, तुमची आरोळी मी गाण्यात घेतलीय. मामा तंबाखू मळत होते. "माझी कुठली? मी मनमाडकडच्या मुकादमाकडनं उचलली. त्येनं कुणाकडनं उचलली, त्येला ठावं."

मग म्हणाले, म्हणून दाखव. म्हटलं. 'गिरवून'ला वर गेलो तसा त्यांनी हात धरला.

"थांब! हितं तू वर काहून गेला?"

"तसंच आलं, मामा."

"आरं, हितं आवाज खाली आला की मानसं जोर लावत्यात. तू वर जाऊन थांबलास तर समदी पहार धरून तशीच उभी ऱ्हातील. तुझ्या चालीवर रूळ हालायचा न्हाई." तंबाखू तोंडात टाकली. "आमच्या कामाची न्हाई ही. तुझीच हाय, ने."

हसत घरी आलो. पण अंथरुणावर पडल्यावर पुन्हा तेच — अर्धी मामाची आणि अर्धी माझी, असं होतं का? कुठपर्यंत त्यांची? 'पाटी'पर्यंत? 'घे'पर्यंत?

शनिवार, १५ मार्च

गेलं. सगळं गेलं.

क्रमानं लिहितो, नाहीतर उद्या माझाच विश्वास बसणार नाही.

सकाळच्या गाडीनं पुण्याला गेलो. काचेची खोली, भिंतींना कापड, मधोमध माइक. हौशीराम घामानं भिजलेला. रात्रभर झोपला नव्हता म्हणे. काचेपलीकडून इशारा झाला, लाल दिवा लागला. बन्सीनं सूर दिला.

आणि हौशीरामनं हात वर केला, घसा खाकरला, थांबला — आणि एका पिच्चरचं नाव घेऊन मोकळा झाला! चाल अमक्या पिच्चरची! त्या पिच्चरचं नाव इथे लिहितही नाही, इतका संताप आहे. त्याचा आमच्या चालीशी काडीचा संबंध नाही. सवय! इतक्या वर्षांची सवय. माइक दिसला की चाल सांगायची. हिला सांगायला नाव नव्हतं, तर जे तोंडाला आलं ते नाव दिलं.

दिवा बंद झाला. कंपनीचा माणूस आत आला. मी म्हणालो, साहेब, चुकून बोलला, चाल आमचीच आहे. "तुमचाच गायक सांगतोय ना पण?" त्यांचा व्हायोलिनवाला बोलावला, त्याला ऐकवलं. तो म्हणाला, मुखडा कुठेतरी ऐकल्यासारखा वाटतो. ऐकला असेलच! रेल्वेनं जाणाऱ्या कुणीही ऐकला असेल!

मग त्या माणसानं मला सरळ विचारलं. "पूर्ण तुमची आहे? कुठूनही घेतलेली नाही?"

तिथे हो म्हणायचं होतं. एकच अक्षर. मी म्हणालो, "मुखडा गँगच्या आरोळीवरून आहे. पुढची माझी."

"म्हणजे घेतलेली आहेच," तो म्हणाला. रागानं नाही, चांगुलपणानं म्हणाला. आम्हाला भानगड नको, पुन्हा कधीतरी बघू.

परतीच्या गाडीत बसलो. हौशीराम दारात उभा होता. केडगाव गेल्यावर मला भीती वाटली, हा उडीबिडी टाकतो की काय, म्हणून त्याच्या शेजारी जाऊन उभा राहिलो.

रविवार, १६ मार्च

अंजना हसली! सगळं ऐकून घेतलं आणि पदर तोंडाला लावून हसत सुटली. "हौशीभावजी सवताच्या लग्नात उखाणा घेतानाबी आधी चाल सांगत्याल." मी ताटावरून उठलो. मग तीच पाणी घेऊन मागे आली. "खरं सांगितलं, त्ये ब्येस केलं. पर लई वाईट वाटलं मला." मलाही लई वाईट वाटलं. तिच्यापुढे रडलो.

रविवार, ३० मार्च

हौशीराम दारात. पंधरा दिवसांनी. म्हणाला, "मच्छिंद्रा, मी पार्टी सोडतो." म्हणालो, सोड. तो जागचा हलला नाही. मीही दार लावलं नाही. शेवटी अंजना म्हणाली, चहा घ्या आणि मग सोडा काय सोडायचं ते.

चहा झाला. चौदा एप्रिलच्या जयंतीला कुठली गाणी घ्यायची ते ठरवलं.

मंगळवार, १५ एप्रिल

काल जयंती. मैदान भरलेलं. 'पाटी घे' मधेच घेतलं. हौशीराम उभा राहिला, हात वर केला आणि तसाच राहिला. लोक ओरडले, "चाल सांगा, चाल!" त्यानं माझ्याकडे पाहिलं. आपलं नाव आपणच कसं सांगायचं? लाज वाटली. कर सुरू, म्हणालो.

लोकांनी तीनदा म्हणायला लावलं. 'गिरवून'ला तो वर जाऊन थांबला की बायकांमधून कुणीतरी "अगं बाई!" म्हणायचं. पण एकानंही विचारलं नाही कुणी बांधली म्हणून. खाली उतरल्यावर शेडमधला एकजण म्हणाला, "कुठल्या पिच्चरची रे? भारी आहे." नवीन आहे, एवढंच म्हणालो.

रविवार, ४ मे

बन्सी शिरूरला बहिणीकडे गेला होता, तिथून पेटलेलाच आला. शिरूरची साहेबरावची पार्टी आमची चाल घेऊन बसलीय! गाण्यांच्या मुकाबल्यात इतकी वर्षं आमच्यासमोर गाणारा साहेबराव. चौदा एप्रिलनंतर कुणीतरी त्याच्या कानावर घातली असणार. शब्द त्याचे, चाल 'पाटी घे'ची. बुद्धजयंतीला शिरूरात म्हणणार आहे.

आमची पार्टी जमली. चोरी आहे! स्टेजवर चढून जाब विचारायचा! हौशीराम सगळ्यांत मोठ्यानं.

मीही म्हणालो, जायचं. राग खरा आहे. पण नंतर एकटा बसलो तेव्हा वाटलं, मी कुठल्या संगीतकाराला कधी विचारलं? त्यांच्यापैकी कुणी दौंडला येऊन माझी कॉलर धरली असती तर? मी म्हणालो असतो, अहो, तुमच्याकडे ढिगानं आहेत, माझ्याकडे एक गेली तर काय बिघडलं? माझ्याकडे मात्र ढीग नाही. एकच आहे. ती रेकॉर्डवर नाही, कागदावर नाही. साहेबराव म्हणाला आणि त्याची म्हणून लोकांच्या तोंडी बसली, तर मी कुणाला काय दाखवू?

शनिवार, २४ मे

उद्या बुद्धजयंती. शिरूरला चौफुल्यावरून एसटी. अंजना म्हणते, मारामारी करायची असेल तर नवा सदरा घालू नका.

सोमवार, २६ मे

काल शिरूरात मागच्या रांगेत उभे राहिलो. आमचे सगळे बाह्या सावरून. साहेबराव उठला, लोकांना हात जोडले, म्हणाला, "आता नवं गाणं. चाल — दौंडचे मच्छिंद्र, यांची."

हौशीराम माझा दंड धरून होता. मला पुढचं नीट दिसेना. शेजारचा पटकेवाला म्हातारा माझ्याकडे वळून म्हणाला, "दौंडचे मच्छिंद्र? ह्यो पिच्चर कुठं लागलाय वं?"

"दौंडला," म्हणालो.