पानास नावाचं स्टेशन

लाडके हाफिया,

तुला आणि घरादाराला आशीर्वाद. तुझा गुडघा कसा आहे? भावोजींचा खोकला थांबला का? मावशीला अजून सुईत दोरा ओवता येतो ना?

आम्ही सुखरूप आहोत. गहू बरा आलाय. या परमुलखात आमच्या माळावरही आता रेल्वे आली. चार घरं, एक चर्च, एक दुकान आणि भोवती क्षितिजापर्यंत गवत, पण स्टेशनला नाव हवंच.

इथला पहिला नांगर माझा, पहिली विहीर माझी. शेजारचा पानास मागाहून आला, त्यानं पहिला हिवाळा माझ्याच झोपडीत काढला. पण रेल्वेवाले स्टेशनांना इंग्रजी अक्षरांच्या क्रमानं नावं देतात. माझ्या ओस्तापचं 'ओ' मागच्या स्टेशनावर खर्ची पडलं. तिथे तर चिटपाखरू राहत नाही. आमच्या वाट्याला 'पी' आलं आणि गावाचं नाव पडलं पानास.

परवा तो म्हणतो, "काय दादा, माझ्यात राहायला बरं वाटतंय ना?" तुझी वहिनी अजून हसतेय. माणूस चांगला आहे गं, पण मला त्या पाटीकडे बघवत नाही. दुकानात मी मागच्या वाटेनं जातो.

लवकर उत्तर धाड. पाकिटावर पानास लिहावंच लागेल, नाहीतर पत्र पोचायचं नाही. ते बारीक अक्षरात लिही.

तुझा दादा,
ओस्ताप