बाळाच्या बाटलीचे मी बघतो

५ नोव्हेंबर २०१२, सोमवार

आज सकाळी पंप सुरू करून झाल्यावर बाळाची नवी बाटली पंप-हाउसमधल्या शेगडीवर उकळत ठेवली. वीस मिनिटे. बाटलीबरोबरच्या कागदावर पाच लिहिले आहे. पण पंचवीस वर्षे पाणीपुरवठ्यात काढलेल्या माणसाने पाच मिनिटांवर विश्वास ठेवू नये. मध्येच वरच्या टाकीचा व्हॉल्व्ह बघायला जावे लागले. परत आलो तेव्हा बाटली वांग्यासारखी झाली होती.

दोन वाजता सगुण ड्यूटी बदलायला आला. भरून करणार की नुसती भाजणार, असे त्याने विचारले. बाटली टेस्टमध्ये नापास झाली, एवढेच माझ्या दृष्टीने महत्त्वाचे. ती तशीच घरी गेली असती तर बाळाच्या तोंडात गेली असती. देवीने राखले.

एकंदर परिस्थिती लिहून ठेवतो, म्हणजे विचार नीट होतो. विनोदिनी, माझी एकुलती मुलगी, हळर्णच्या शाळेत शिकवते; बाळंतपणापासून आमच्याकडेच आहे. शाळा खाजगी, त्यामुळे बाळंतपणाची रजा थोडी. त्यात दिवाळीची सुट्टी जोडून मिळाली. ३ डिसेंबरला जुन्या गोव्याच्या फेस्ताची, म्हणजे ख्रिस्ती जत्रेची, सुट्टी, ४ तारखेला तिला हजर व्हायचे आहे. सप्टेंबरपासून खाणी बंद. जावई गुरुदास शिरगावला मशीनवर होता, तो आता बेळगावकडे कुणाचा तरी ट्रक चालवतो. म्हणजे त्यांच्या घरात भरवशाचा पगार विनोदिनीचाच. आणि बाळ दोन महिन्यांचे, आईशिवाय कशालाही तोंड लावत नाही. चार तारखेपर्यंत लावले नाही तर विनोदिनी नोकरी सोडणार. तिच्या जागेवर बसायला दुसरी तयार आहे.

म्हणून काल सगळ्यांसमोर सांगितले, बाटलीचे मी बघतो. माझ्या बायकोने, देवकीने, कसे बघणार एवढेच विचारले. कळेल, म्हणालो.

६ नोव्हेंबर, मंगळवार

बाटली म्हणजे टाकी, पाइप आणि नळ. तिन्ही माझ्याच खात्यातले. चार आठवडे जास्तच होतात.

९ नोव्हेंबर, शुक्रवार

ड्यूटी संपवून म्हापशाच्या बाजारात गेलो. तीन बाटल्या आणल्या. एक साधी. एक रुंद तोंडाची, हात आत जाऊन धुता येईल अशी. एक दोन्ही बाजूंना कान असलेली, बाळाने स्वतः धरायची. दुकानदार म्हणाला, प्लास्टिकमध्ये बीपीए नाही. असले तर काय होते, विचारले. म्हणाला, नसावे असे म्हणतात. मग मीही तिन्ही बाटल्यांवर ते नसल्याची खात्री करून घेतली.

बस चुकल्यामुळे घरी यायला उशीर. बाळ झोपलेले. टेस्ट होऊ शकली नाही. कानवाली बाटली देवकीने उलटसुलट बघितली आणि दोन महिन्यांचे पोर ही कशी धरणार, असे विचारले. पुढचा विचार करून घेतली आहे, म्हणालो.

१० नोव्हेंबर, शनिवार

फ्लो टेस्ट. बाटलीत पाणी भरून उलटी टांगली आणि निपलमधून पडणारे थेंब मोजले. मोजायला जपमाळ घेतली, हाताशी तीच होती. साधी बाटली मिनिटाला अर्धी माळ. रुंद तोंडाची पाऊण. कानवाली एक माळ आणि वर नऊ मणी. नंतर लक्षात आले की सवयीने प्रत्येक थेंबाला नामही घेतले गेले. म्हणजे आजचा जपही झाला. एका वेळी दोन कामे करणे जमते आहे.

११ नोव्हेंबर, रविवार

प्रत्यक्ष टेस्ट. विनोदिनीने दूध काढून दिले. आधी साधी बाटली. बाळाने निपल जिभेने बाहेर ढकलले. रुंद तोंडाची दिली, मान फिरवली. कानवाली दाखवताच रडायला लागले. चाळीस मिनिटे रडले. देवकी म्हणते की आतल्या खोलीत विनोदिनीही रडत होती. बाळाच्या आवाजात मला ऐकू आले नाही.

निष्कर्ष: भोक लहान आहे. प्रेशर असूनही पाणी येत नसेल तर गिऱ्हाईक चिडणारच.

१२ नोव्हेंबर, सोमवार

सुई तापवून भोक मोठे केले. दूध भळकन आले, बाळाला ठसका लागला. देवकीने बाळ काढून घेतले, पाठीवर थोपटले आणि माझ्या हातातली सुई घेऊन फळीवर सगळ्यात वरती ठेवली. देवळातल्या आरतीची वेळ झालीच होती. गेलो.

१३ नोव्हेंबर, मंगळवार

दिवाळी. पहाटे नरकासुर जाळला. पाच तऱ्हेचे फोव, म्हणजे पोहे, खाल्ले. बाटलीवर नुसता विचार केला.

१६ नोव्हेंबर, शुक्रवार

काच की प्लास्टिक, हा प्रश्न माणसाच्या बुद्धीचा नाही, असे दुपारी पंप चालू असताना माझ्या लक्षात आले. काचेत दोष नाही, पण फुटते. प्लास्टिक फुटत नाही, पण त्यात काय असते ते दुकानदारालाही ठाऊक नाही. असे दोन्ही बाजूंनी अडले की आमच्याकडे देवीला विचारतात. सातेरीच्या देवळात जाऊन प्रसाद, म्हणजे कौल, लावायला सांगितला.

कृष्णनाथ भट आमच्या बरोबरचा, शाळेत एकाच बाकावर होतो. त्याने आधी प्रश्न नीट ऐकून घेतला, मग पुन्हा एकदा सांगायला लावला. म्हणाला, इथे लोक लग्न विचारतात, जमीन विचारतात, कोर्टाची तारीख विचारतात. मी म्हणालो, बाळाचा प्रश्न कोर्टापेक्षा लहान नाही. हे त्याला पटले असावे. मूर्तीला पाकळ्या लावल्या. उजवी पडली तर काच, डावी पडली तर प्लास्टिक. अर्धा तास हात जोडून उभा होतो. उजवी पडली.

मनावरचे ओझे उतरले. विनोदिनीला निश्चिंत राहायला सांगितले. ती बाळाचे लंगोट घडी करत होती. बरं, म्हणाली.

१९ नोव्हेंबर, सोमवार

डिचोलीहून काचेची बाटली आणली. जाड काच, मोजण्याच्या रेघा स्वच्छ, निपल मऊ. हातात घेतल्यावरच समाधान वाटावे अशी. सव्वाचार वाजता बाळाला दिली. चार वाजून सोळा मिनिटांनी बाळाने लाथ मारली. ती फरशीवर फुटली.

देवकी संध्याकाळभर खाली वाकून काचा वेचत होती. हात फिरवून फिरवून बघत होती. पोर उद्या पालथे पडेल, मग रांगेल, असे स्वतःशीच म्हणत होती. मी मदत करणार होतो, पण देवीचा कौल चुकला कसा, हे आधी विचारणे भाग होते.

कृष्णनाथने दिव्यात तेल घालता घालता माझे सगळे म्हणणे ऐकले. मग म्हणाला, "देवीक इचारलंस. चेडवाक इचारलंस?"

चेडू म्हणजे मुलगी, म्हणजे आमचे बाळ. दोन महिन्यांच्या मुलीला काय विचारणार? भटाला घरसंसाराचा अनुभव कमी.

२१ नोव्हेंबर, बुधवार

सावंतवाडीहून स्टीलची बाटली मागवली, ती आली. फुटत नाही, वितळत नाही. आत दूध किती उरले ते दिसत नाही, पण बाळाने घेतलेच नाही, त्यामुळे सगळे उरले असे समजायला हरकत नाही. डिचोलीहून आणखी दोन आणल्या. वांगे झालेली आणि फुटलेली धरून आठ.

२३ नोव्हेंबर, शुक्रवार

विनोदिनीच्या वहीतून एक कागद खाली पडला. मुख्याध्यापिकेच्या नावाने होता. चार ओळी. घरगुती अडचणीमुळे राजीनामा देत आहे. अक्षर मोत्यासारखे. फक्त तारखेची जागा कोरी होती.

कागद होता तिथे ठेवला. तिला सांगितले, अजून दहा दिवस आहेत आणि फ्लोचा प्रश्न जवळजवळ सुटला आहे. ती माझ्याकडे बघून हसली. लहानपणी मी बनवलेला पतंग वर जात नसे, तेव्हा हसायची तशी.

जपात आज लक्ष लागले नाही.

२५ नोव्हेंबर, रविवार

फार मोठे काम झाले. ४ तारखेपासूनचे पूर्ण वेळापत्रक तयार केले. विनोदिनी सातला निघेल. नऊ वाजता पहिली बाटली, साडेअकराला दुसरी, मधल्या वेळात उकळणे आणि सुकवणे. तीन शाईंनी लिहिले. दुपारी जेवताना देवकीला वाचून दाखवले.

देवकीने सगळे ऐकले. ताटातला भात संपवला. मग म्हणाली, "आणि बाटली धरतलो कोण?"

मी म्हणालो, तू. वेळापत्रकात ते लिहिले नव्हते, कारण लिहिण्यासारखे काही आहे असे वाटले नव्हते.

ती म्हणाली, तिची काजूची फॅक्टरी आठ ते एक असते. चौदा वर्षे आहे. हे मला ठाऊक होते, पण बाटलीच्या संदर्भात ते कधी डोक्यात आले नव्हते. आपल्या नातीसाठी एवढे सोडायला काय हरकत आहे, असे विचारले. तेव्हा तिने ताट बाजूला केले आणि जुनी गोष्ट काढली. विनोदिनी झाली तेव्हा देवकी बालवाडीत शिकवत होती. मूल कोण सांभाळणार, हा प्रश्न तेव्हाही निघाला होता. नंतर ती बालवाडीत गेली नाही.

"विनोदिनीच्या वेळीय तुमी बघतंय म्हणाल्लात," ती म्हणाली. "अजून बघतास."

आवाज चढवला नाही. विनोदिनी ताटे उचलून आत गेली.

आरतीला गेलो. नेहमीसारखी झांज वाजवली. दोनदा ठेका चुकला. पखवाजवाल्याने मान वळवून बघितले.

२७ नोव्हेंबर, मंगळवार

वाद घालून उपयोग नाही, करून दाखवले पाहिजे. उद्याची कॅज्युअल लीव्ह टाकली. विनोदिनी शाळेत भेटून येणार, देवकी फॅक्टरीत. आठ ते एक घरात मी, बाळ आणि सहा बाटल्या. हे किती सोपे आहे ते दोघींनाही दिसेल.

२८ नोव्हेंबर, बुधवार

सकाळी ८.१०: बाळ झोपले आहे. मी स्तोत्रही म्हटले. या कामात फार काही नाही.

८.५०: उठले. पहिली बाटली. नको.

९.१५: दुसरी, तिसरी. खांद्यावर घेऊन अंगणात फेऱ्या. तिसऱ्या फेरीला शर्ट ओला. दूध नव्हे.

१०.०५: चौथी, पाचवी, सहावी. पुन्हा पहिली. पेन धरायला हात मोकळा नाही, पुढचे संध्याकाळी लिहितो.

संध्याकाळी: साडेदहाला आरोग्य उपकेंद्रातल्या कमल सिस्टर आल्या, बाळाच्या लसीची तारीख सांगायला. बाळ लालबुंद झाले होते. मी काय करत होतो ते आठवत नाही. सिस्टर म्हणतात, भजन म्हणत होतो, आणि मोठ्याने. त्यांनी ओळीत मांडलेल्या सहा बाटल्या बघितल्या. प्रदर्शन संपले असेल तर एक वाटी द्या, म्हणाल्या. वाटी आणि कुलेर, म्हणजे आमच्याकडचा चमचा, दोन्ही उकळायला लावली. साधी, काना-कोपरा नसलेली, कुठेही मिळणारी. धुवायला निपल नाही की नळी नाही, हे त्यांनी मला दोनदा समजावले, जणू मी पाणीपुरवठ्यात नव्हतोच.

बाळाला त्यांनी मांडीवर जरा उभे धरले, कुलेर खालच्या ओठाला टेकवली आणि थांबल्या. ओतले नाही. बाळाने जीभ बाहेर काढली, चाखले, पुन्हा काढली. विनोदिनी जाताना काढून ठेवून गेली होती ते दूध हळूहळू संपत आले. उपकेंद्रात हे सगळ्यांना सांगतो, सिस्टर म्हणाल्या, तुम्ही कुणी विचारले नाही.

मग मला द्यायला लावले. निम्मे बाळाच्या मानेवर, थोडे माझ्या धोतरावर, उरलेले पोटात. सिस्टर गेल्यावर बाळ माझ्या मांडीवरच झोपले. उठता येईना. एक वाजेपर्यंत भिंतीला टेकून बसलो. वेळापत्रक समोरच लटकत होते. तीन शाईंत कुठेही माझे नाव नव्हते.

देवकी आली. वाटी बघितली, मला बघितले. जेवलात काय, एवढेच विचारले.

२९ नोव्हेंबर, गुरुवार

सगुणला विचारले, माझी सकाळची शिफ्ट तू घे, तुझी दुपारची मी घेतो. कायमची. तो लगेच हो म्हणाला. सहा वर्षे तो सकाळच मागत होता आणि मी सोडत नव्हतो. मग त्याच्या लक्षात आले. "शिवदासा, दोन ते धा म्हणजे आरती गेली मरे. सोमवारचा भजन गेला. तुका कोण सोडता?"

बावीस वर्षांत आठ-दहा आरत्या चुकल्या असतील. झांज दुसऱ्या कुणाला तरी द्यावी लागेल. मी म्हणालो, देवीला सांगून येतो. प्रसाद लावणार काय, त्याने विचारले. नाही, म्हणालो. विचारायचे नाही, सांगायचे आहे.

सांगून आलो. फार वेळ लागला नाही.

३० नोव्हेंबर, शुक्रवार

डिचोलीला ऑफिसात अर्ज दिला. कारणाच्या जागी ‘घरगुती’ लिहिले होते. इंजिनिअरसाहेब तरुण आहेत, म्हणाले, स्पष्ट लिहा, वर पाठवायचे असते. मी ते खोडून ‘नात सकाळी माझ्याकडे असते’ असे लिहिले. आजी नाही का, त्यांनी विचारले. आहे, म्हणालो, ती कामाला जाते. त्यांनी सही केली.

घरी आल्यावर विनोदिनीला अर्जाची प्रत दाखवली. तिने दोनदा वाचली. वहीतला तो कागद काढला, फाडला आणि चुलीत टाकला. बाटल्यांचा विषय कुणीच काढला नाही. देवकी म्हणाली, उद्यापासून रोज एकदा तुमीच पाजा, हात बसू दे. आज पाजले. पाऊण वाटी पोटात गेली असा माझा अंदाज होता. देवकीने माझा सदरा बघून अर्धी म्हटले.

मंगळवार, ४ तारखेपासून सकाळी सात ते एक बाळाजवळ मी. दुपारी दोन ते दहा पंपावर.